ट्रेनिंगला जाण्याआधीच ठरतं : अग्निवीराचं काम, आर्म आणि सेंटर

पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या मुलाला "कशात जायचंय?" असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "आर्मीत." आर्मीत कशात, असं पुढे विचारलं की तो थांबतो. दीड-दोन वर्षं पळण्यात घालवलेला हा मुलगा अर्ज भरायला बसतो तेव्हा सायबर कॅफेत मागे रांग असते. कॅफेवाला विचारतो, "जीडी टाकू ना?" मुलगा मान डोलावतो आणि अग्निवीर म्हणून, म्हणजे अग्निपथ योजनेतला चार वर्षांचा सैनिक म्हणून, करायचं काम तिथेच, दहा मिनिटांत ठरून जातं. भरतीच्या मैदानाबाहेर, कागद तपासायच्या टेबलाशी आणि निकालाच्या याद्या लागतात त्या भिंतीपाशी आम्ही हे इतक्यांदा पाहिलं आहे, की आता पळण्याच्या तयारीआधी मुलांशी अर्जाबद्दल बोलतो.

मुलं "पोस्ट मिळाली" असं म्हणतात. खरं तर त्या एका शब्दात तीन वेगळे निर्णय असतात. पहिला निर्णय प्रकाराचा, म्हणजे जनरल ड्यूटी (कॅफेवाल्याचं जीडी), टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर की ट्रेड्समन. तो मुलगा स्वतः अर्जात घेतो. दुसरा आर्मचा (पायदळ, तोफखाना अशी सैन्याची शाखा) आणि रेजिमेंटचा. तो भरती कार्यालयाच्या पातळीवर, कोणत्या सेंटरने, म्हणजे ट्रेनिंगच्या केंद्राने, किती जागा मागितल्यात हे पाहून होतो. त्यात मुलाची निवड चालत नाही. तिसरा निर्णय सेंटरमध्ये पोचल्यावरचा, म्हणजे तोफखान्यात गेलेला मुलगा ड्रायव्हर होणार की वायरलेस ऑपरेटर. पहिला निर्णय पूर्ण हातातला असूनही त्यावर सगळ्यात कमी विचार होतो.

आधी प्रकारांची ओळख, कारण इथेच बरेच जण चुकतात. जीडीसाठी दहावी पास, एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी छापलेली असते, तीच पाहून मुलं निर्धास्त होतात. पण अट प्रत्येक विषयाची आहे, त्यामुळे त्या पाचांतून बाहेर पडलेला विषयही बघितला जातो. टेक्निकलला बारावी विज्ञान लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी हे विषय, एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40. बारावीला एकूण 65 टक्के आहेत पण फिजिक्सला 38 पडलेत, तर तो मुलगा टेक्निकलला बसू शकत नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही टेक्निकलची वाट आहे. मात्र कोणते ट्रेड चालतात याची यादी अधिसूचनेत असते आणि त्या यादीतलं नाव आपल्या दाखल्यावरच्या नावाशी जुळायला हवं.

क्लार्कची अट सर्वांत कडक. बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे सगळ्यांना माहीत असतं. एकूण 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50 हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. निसटते ती पुढची ओळ. बारावीला इंग्रजीत 50 हवेत आणि गणित, अकाउंट्स किंवा बुक कीपिंग यांपैकी एका विषयातही 50 हवेत. बारावी कला शाखेतून केलेल्या, गणित नसलेल्या मुलाला 80 टक्के असले तरी तो या अटीत बसत नाही. खेड्यातल्या कॉलेजात कला शाखाच मोठी असते, म्हणून हा फटका गावाकडच्या मुलांना जास्त बसतो. अकरावीला शाखा निवडतानाच हे कुणी सांगितलं, तर दोन वर्षांनी हातात काहीतरी पडतं. आता क्लार्कच्या उमेदवारांना टायपिंगची चाचणीही द्यावी लागते. ती इंग्रजी टायपिंगची असल्याने मराठी टायपिंगचा कोर्स इथे कामाला येत नाही.

ट्रेड्समनमध्ये दहावी पासवाल्यांसाठी स्वयंपाकी, धोबी, शिंपी, न्हावी, स्टुअर्ड यांसारखी कामं असतात. आठवी पासवाल्यांसाठी हाउसकीपर आणि मेसकीपर. या प्रकाराकडे घरचे लोक तोंड वाकडं करून बघतात. आमचं म्हणणं उलट आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्या शिवणकाम आहे, ज्याचा हात मशीनवर बसलेला आहे, त्याने काम माहीत असलेल्या प्रकारात जावं. पगार सगळ्या अग्निवीरांना एकच आहे. पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, चौथ्या वर्षी 40,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जातात आणि तेवढीच रक्कम सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000 येतात. क्लार्कला जास्त आणि मेसकीपरला कमी असं काही नाही. पगार सारखाच असेल तर प्रकार निवडताना दोनच गोष्टी बघायच्या. आपण पात्र कशात आहोत, आणि चार वर्षांनी बाहेर पडावं लागलं तर हातात कोणतं काम असेल. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना सेवानिधी आणि कौशल्याचा दाखला घेऊन घरी यायचं आहे. इंजिन उघडता येणारा, वायरलेस सेट हाताळलेला किंवा साठ्याचा हिशेब ठेवलेला मुलगा गावात परतला तर त्याला दार उघडं असतं.

मुलींसाठी लष्करात जनरल ड्यूटीची अग्निवीर भरती मिलिटरी पोलिसात होते, तिचं सेंटर बंगळुरूला. त्यांचे अर्ज त्याच वेबसाइटवर, पण उंचीचे आणि धावण्याचे निकष वेगळे. मुलांसाठीच्या अकॅडमीतलं वेळापत्रक तसंच्या तसं त्यांना लावू नये.

उंचीमुळे प्रकार बदलावा लागणारी मुलंही खूप असतात. जीडीला महाराष्ट्रातल्या मुलांसाठी 168 सेंटिमीटर लागतात, गोव्यातल्या मुलांसाठी 166. टेक्निकलला महाराष्ट्रात 167. क्लार्कला मात्र 162. सैनिकाच्या आणि माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत 2 सेंटिमीटरची सूट आहे, फक्त त्यासाठी नात्याचा दाखला वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसमधून आधीच आणून ठेवावा लागतो. 165 उंचीचा, बारावी कॉमर्सला 64 टक्के घेतलेला मुलगा जीडीचा अर्ज भरून मैदानावर येतो आणि उंचीच्या खांबाशी बाहेर पडतो, हे बघवत नाही. हाच मुलगा क्लार्कला पूर्ण पात्र होता. घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करून मोजलेली उंची धरू नका. सकाळी अनवाणी, टाचा आणि डोकं भिंतीला टेकवून, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून दोघांनी तीनदा मोजावी. संध्याकाळी माणूस थोडा बुटका भरतो.

2025 पासून एक मोठी सोय झाली आहे. पात्रता असेल तर एका उमेदवाराला दोन प्रकारांसाठी अर्ज करता येतो. आधी एकच खूण करायची होती, तेव्हा जोखीम नको म्हणून सगळे जीडी करायचे. आता टेक्निकलला पात्र असलेल्या मुलाने टेक्निकल आणि जीडी असे दोन्ही भरावेत. क्लार्कला पात्र असेल तर क्लार्क आणि जीडी. दोन जागा असताना एकच भरणं म्हणजे एक संधी कॅफेच्या टेबलावर सोडून उठणं. अर्ज पक्का झाल्यावर प्रकार बदलता येत नाही आणि मैदानावर कितीही विनवण्या केल्या तरी तिथला माणूस काही करू शकत नाही. त्याच्या हातातल्या यंत्रात जे दिसतं तेच खरं.

अर्ज जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी वेबसाइटवरच होतो. एका अर्जाला 250 रुपये पडतात. याशिवाय सेंटर मिळवून देतो, क्लार्कमध्ये बसवतो, मेडिकल काढून देतो असं म्हणून कुणी एक रुपयाही मागितला तर तो फसवतो आहे. त्याची युक्ती सोपी असते. दहा मुलांकडून पैसे घ्यायचे, त्यातली दोन स्वतःच्या कष्टाने लागली की त्यांचे ठेवायचे, बाकीच्यांना टोलवत राहायचं. लागलेल्या मुलाच्या बापाला वाटतं, पैशानेच झालं. ही गोष्ट गावात पसरते आणि पुढच्या वर्षी आणखी दहा बाप जमीन गहाण ठेवतात. लेखी कॉम्प्युटरवर होते, धावण्याची वेळ सर्वांसमोर मोजली जाते आणि मेरिट गुणांवर लागतं. मध्ये कुणाचा हात घालायला जागाच नाही.

अर्ज भरताना समोर दहावीचं मार्कशीट आणि आधार कार्ड दोन्ही ठेवावीत. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख मार्कशीटवर जशी आहे तशीच, एकेका इंग्रजी अक्षराने जुळली पाहिजे. आपल्याकडे घोळ हमखास आईच्या नावात होतो. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरंच. माहेरचं नाव, सासरचं नाव, सुनंदाची सुनीता. दुसरा घोळ आडनाव आधी की नंतर याचा. आधारमधली दुरुस्ती अर्ज सुरू होण्याच्या तीन महिने आधी करून घ्यावी. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावरही गर्दी असते आणि दुरुस्ती होऊन यायला वेळ लागतो. भरती कार्यालय आपल्या जिल्ह्याप्रमाणे ठरतं. उदाहरणार्थ रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा कोल्हापूरच्या कार्यालयाकडे येतात. मामाच्या गावी राहून तिथला अर्ज भरायचा विचार करू नये, डोमिसाइल आड येतं.

यापुढचा टप्पा लेखीचा. 2023 पासून क्रम उलटा झाला. आधी मैदान व्हायचं आणि मग लेखी. आता आधी कॉम्प्युटरवर सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तिच्यातून निवडलेल्यांनाच मैदानाचं बोलावणं येतं. त्यामुळे केवळ पळणाऱ्या मुलाला मैदान बघायलाही मिळत नाही. जीडीला 50 प्रश्न, 100 गुण, एक तास. बरोबर उत्तराला 2 आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. टेक्निकल आणि क्लार्कलाही 50 प्रश्न, पण 200 गुणांचे. म्हणजे बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला 1 वजा. क्लार्कमध्ये इंग्रजीचा भाग वेगळा पास व्हावा लागतो, एकूण बेरीज चांगली असून भागत नाही. 2025 पासून ही परीक्षा 13 भाषांत देता येते आणि त्यात मराठी आहे. गणिताचा प्रश्न आधी हिंदीत समजून घ्या आणि मग सोडवा, हा वेळ वाचला.

अंदाजे उत्तर टाकावं का, हे प्रत्येक मुलगा विचारतो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर अंदाजाने सरासरी हाती फारसं काही लागत नाही, सोडून द्यावा. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल तर उरलेल्या दोनांतला एक जरूर टाकावा, तिथे हिशेब आपल्या बाजूने आहे. परीक्षा अनेक दिवस आणि अनेक पाळ्यांत होते, म्हणून गुण समान पातळीवर आणून लावले जातात. शेजारच्याचे किती आणि माझे किती हे परीक्षेच्या दिवशी ताडण्यात अर्थ नाही.

मैदानाबद्दल बोलायला बसलं तर दिवस पुरत नाही. जीडीच्या मेरिटमध्ये लेखीचे 100 आणि मैदानाचे 100 असे गुण धरले जातात. मैदानाच्या शंभरात 60 धावण्याचे आणि 40 बीमचे. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत मारले तर 60. 5:31 ते 5:45 मध्ये आलात तर 48. 2025 पासून आणखी दोन गट आले. 5:46 ते 6:00 ला 36 आणि 6:01 ते 6:15 ला 24. बीमवर 10 पुलअप्सना 40, 9 ना 33, 8 ना 27, 7 ना 21 आणि 6 ना 16. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, फक्त पार करायचे.

हे आकडे लेखीच्या शेजारी ठेवून बघा. एका सेकंदाने पहिला गट हुकला तर 12 गुण जातात. ते लेखीतल्या सहा बरोबर उत्तरांइतके झाले. शेवटचा एक पुलअप सुटला तर 7 गुण, म्हणजे साडेतीन प्रश्न. आणि पळण्याची वेळ सहाव्या मिनिटाच्या पुढे गेली तर मैदान पास होऊनही मुलगा मेरिटमधून बाहेर पडू शकतो. घरी येऊन तो सांगतो, "मैदान निघालं, तरी लावलं नाही." त्यात कुणी अन्याय केलेला नसतो, गुण कमी पडलेले असतात. 6:15 ची मुभा मिळाली म्हणून 6:15 ची तयारी करणाऱ्या मुलांची आम्हाला काळजी वाटते.

शेवटच्या फेरीचं दृश्य डोळ्यांसमोर ठेवून तयारी करावी. पहाटेचा अंधार, दिव्यांखाली उडालेली धूळ, घोळक्यात एकमेकांचे कोपर लागतायत. शेवटच्या रेषेपाशी दोघं जवान दोरी धरून उभे. शिट्टी झाली की दोरी आडवी येते आणि गट तुटतो. पुढचे एकीकडे, मागचे दुसरीकडे. दोरीच्या अलीकडे राहिलेला मुलगा हात पुढे करून काही म्हणत असतो, पण त्याला तेवढ्यात मागच्या गटाच्या रांगेत ढकललेलं असतं. घोळक्यात पहिल्या शंभर मीटरमध्ये बाहेरच्या बाजूला राहिलं तर प्रत्येक फेरीला चार-पाच पावलं जास्त पडतात. सुरुवातीलाच आतल्या कडेला घुसायच्या नादात पडणारेही असतात. आम्ही सांगतो, पहिली फेरी तिसऱ्या-चौथ्या ओळीत, दुसरीपासून आत. एकट्याने घड्याळ लावून 5:20 येत असेल, तर गर्दीत 5:30 च्या आत येण्याची आशा धरावी. एकट्याने 5:29 येणाऱ्याने अजून तयारी करावी. आणि पळून झाल्यावर लगेच बीम असतो. दमलेल्या हातांनी पुलअप्स मारायची सवय नसली तर घरी 14 मारणारा मुलगा तिथे 8 वर लटकतो. म्हणून सरावही त्याच क्रमाने करायचा, पळून आल्यावर दोन मिनिटांत बीम.

मैदान पार केलेल्या मुलाची मोजमापं, कागद आणि मेडिकल इथेच होतात. त्यात आता अ‍ॅडॅप्टेबिलिटी टेस्टही आहे. लष्करी जीवनात मन रुळेल का, हे त्यातून बघतात. तिच्यासाठी चार्ज केलेला स्मार्टफोन आणि 2 जीबी डेटा सोबत ठेवायला सांगितलेलं असतं. रात्रभर रांगेत बसून गाणी ऐकलेल्या फोनची बॅटरी सकाळी संपते आणि मुलगा चार्जर शोधत फिरतो. या चाचणीचे पाठ केलेले उत्तरांचे संच बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. प्रश्न उलटसुलट करून पुन्हा येतात आणि पाठ केलेलं उत्तर स्वतःशीच भांडतं.

कागदांचा गठ्ठा तयार असेल तर हा टप्पा सोपा जातो. दहावी-बारावीचे मूळ दाखले, डोमिसाइल, जातीचा दाखला, शाळेचा आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, सरपंचाचा फोटोसहित चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला, दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीचे वीस पासपोर्ट फोटो, पॅन आणि बँक खातं. चारित्र्याच्या आणि अविवाहित असल्याच्या दाखल्याची मुदत सहा महिन्यांचीच असते. मुलं हे दाखले अर्जाच्या वेळीच काढून ठेवतात, मैदान सहा-सात महिन्यांनी लागतं आणि दाखला शिळा होतो. लेखीचा निकाल लागला की त्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जावं. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर आईवडिलांची संमती लागते. एनसीसीचा, खेळाचा आणि सैनिकपुत्र असल्याचा दाखला वाढीव गुण देतो, पण अर्जात तशी नोंद केलेली असेल आणि मूळ कागद हातात असेल तरच.

चारचाकीच्या लायसन्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण कामाच्या वाटपात त्याचं वजन आहे. जीडीच्या उमेदवारांत हलक्या वाहनाचं वैध लायसन्स असलेल्यांना ड्रायव्हरच्या गरजेसाठी प्राधान्य देतात, असं अधिसूचनेतच लिहिलेलं असतं. लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावरच निघतं, म्हणून अठराव्या वाढदिवसानंतर पहिलं काम ते करावं. ट्रॅक्टर लहानपणापासून चालवतो, हे कागदावर येत नाही.

मेडिकलमध्ये बाहेर पडणाऱ्यांची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत. कानातला मळ, किडके दात, हाताचा कोपर सरळ केल्यावर बाहेर जाणारा कोन, गुडघे एकमेकांना लागणं, सपाट पाय, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा, नाकाचं वाकडं हाड, रंगांधळेपणा. यातल्या निम्म्या गोष्टी चार महिने आधी कळल्या तर दुरुस्त होतात. दात भरून घेता येतात, कान डॉक्टरकडून साफ करून घेता येतो. घरी काडी घालून कानाचा पडदा दुखावून घेऊ नये. छाती फुगवल्यावर 5 सेंटिमीटरचा फरक लागतो, तो श्वासाच्या सरावाने येतो. टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, तोही देवाचा किंवा नावाचा चालतो. दंडावरचा किंवा छातीवरचा वाघ मुलाला बाहेर काढतो. अनफिट ठरलेल्याला लष्करी रुग्णालयात तज्ज्ञाकडे पुन्हा तपासून घेता येतं. त्यासाठी दिलेल्या मुदतीत तिथे हजर राहावं लागतं. घरी जाऊन आठ दिवस रुसून बसणाऱ्याची ही वाटही बंद होते.

मेरिट लागतं ते भरती कार्यालयाप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे. यादीत नाव नसतं, रोल नंबर असतो. आणि आता दुसरा निर्णय होतो, ज्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरात सैन्य म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री आणि सेंटर म्हणजे बेळगाव. आजोबा तिथे, काका तिथे, म्हणून नातूही तिथेच जाणार असं धरलेलं असतं. पण अग्निपथ योजनेत भरती 'ऑल इंडिया ऑल क्लास' धोरणाने, म्हणजे प्रांत किंवा जात न धरता, होते आणि अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये किंवा युनिटमध्ये पाठवता येतं, पुढे गरजेप्रमाणे बदलताही येतं, हे अर्जाच्या अटींतच आहे. जीडीचा मुलगा इन्फंट्रीत बेळगावला जाईल, तोफखान्यात नाशिक रोडला, रणगाड्यांच्या किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या सेंटरला अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअर) खडकीला, गार्ड्समध्ये कामठीला, किंवा महाराष्ट्राबाहेर सागरला महार रेजिमेंटमध्ये. टेक्निकलचा मुलगा सिग्नल्समध्ये जबलपूर किंवा गोव्याला, ईएमईमध्ये (लष्कराची यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) सिकंदराबाद किंवा भोपाळला. कोणत्या तुकडीत कोणत्या सेंटरने किती मुलं मागितली, त्यावर हे हलतं. एकाच गावच्या, एकाच दिवशी पळालेल्या दोन मित्रांची सेंटरं वेगळी लागतात. त्यात एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला शिक्षा असं काही नसतं.

निरोपाच्या आधी एन्रोलमेंटचं, म्हणजे सैन्यात नाव दाखल करण्याचं, टेबल असतं आणि तिथे मुलगा पहिल्यांदा कायद्याने सैन्याशी बांधला जातो. लष्कर कायदा 1950 च्या कलम 13 प्रमाणे अधिकारी त्याला सेवेच्या अटी समजावून सांगतो, फॉर्ममधले प्रश्न विचारतो आणि आधीच बजावतो की खोटं उत्तर हा गुन्हा आहे. कलम 44 खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 14 प्रमाणे अधिकाऱ्याची खात्री पटली की तो सही करतो आणि मुलाची सही घेतो. प्रश्न साधे असतात. लग्न झालंय का? कधी शिक्षा झालीय का? आधी कुठल्या सरकारी नोकरीत होतास का? गावातल्या भांडणात नाव आलेलं असतं, पोलिसात अर्ज झालेला असतो, आणि मुलगा घाबरून "नाही साहेब" म्हणतो. पोलीस पडताळणीत ते वर येतं. असं काही असेल तर आधी वकिलाला विचारून, कागद सोबत आणून, खरं सांगावं. सहीआधी अधिकारी फॉर्म समोर सरकवतो तेव्हा प्रकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला पाच सेकंद लागतात. बरीच मुलं ते न वाचताच सही करतात, पेन हातात थरथरत असतो. वाचावं, आणि नावाचं स्पेलिंगही तिथेच पुन्हा बघावं. पुढे पगाराचं खातं, विमा आणि सेवानिधी सगळं त्याच नावावर चालतं.

डिस्पॅचची तारीख मिळाली की मुलांची टोळी करून सेंटरला रवाना करतात. एका मुलाकडे प्रमुख म्हणून जबाबदारी असते, कागदांचा बंद लखोटा सोबत जातो. तो वाटेत उघडायचा नाही. तारखेला हजर न राहणाऱ्याची जागा पुढच्या मुलाला जाऊ शकते, म्हणून त्या आठवड्यात घरात लग्न ठेवू नये आणि मोटरसायकलवर लांब फिरू नये. हाड मोडून सेंटरला गेलेला मुलगा तिथल्या तपासणीत परत पाठवला जातो.

सेंटरच्या गेटवर यादीप्रमाणे नावं पुकारली जातात, पुन्हा मेडिकल बघतात, केस कापतात, किट मिळतं. प्रकार तोच राहतो. आता त्याच्या आतलं काम ठरायचं असतं. तोफखान्यात कुणी तोफेवर जाणार, कुणी गाडीवर, कुणी वायरलेस सेटवर, कुणी नकाशा आणि मोजणीवर. त्यासाठी शिक्षण, चाचणी, शरीरयष्टी आणि सेंटरची गरज बघतात. गणित चांगलं असलेला मुलगा इथे पुन्हा पुढे येतो. पहिल्या काही दिवसांत उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, मैदानात उभा राहून विचारतो, "गाडीचं लायसन्स कुणाकुणाकडे आहे? बॉक्सिंग, कबड्डी कोण खेळलंय? वाद्य कुणाला वाजवता येतं?" लाजून हात खाली ठेवू नये. मूळ लायसन्स आणि खेळाचे दाखले घरी कपाटात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत अगदी वर ठेवलेले असावेत.